परतीची ओळ

बाजी चहा अर्धाच कप घ्यायच्या. मी सवयीनं कप भरून नेला तर तोंड लावायच्या आधीच अर्धा परत किटलीत ओतायला लावायच्या. नंतर पुन्हा लागला तर स्वतः उठून माझ्याकडं यायच्या. "लागंल तेवढंच घ्यावं, सुमन," म्हणायच्या. "जास्तीचा घेतला की टेबलावर थंड होत बसतो. मंग तो माझ्याही कामाचा नाय न् दुसऱ्याच्याही."

मी त्या ऑफिसात चहापाण्याचं आणि झाडलोटीचं काम करायची. तिथं मला सगळे मावशी म्हणत, माझ्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. सुमन म्हणणाऱ्या त्या एकट्याच. त्यांचं नाव रिजवाना. साहेब त्यांना मॅडम म्हणायचे आणि बाकी सगळे बाजी, म्हणजे थोरली बहीण.

आमचं ऑफिस चिकलठाण्याच्या बाजूला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. तिथं कॉम्प्युटरवर दिवसभर लिहिणारी दहा-बारा माणसं बसायची. पहिल्यांदा मला वाटलं, हे लोक टायपिंग करतात. पुढं कळलं की ते मशीनच्या पोटातलं लिहितात. बाहेरून आपण बटण दाबतो, पण आत मशीनला कधी काय करायचं ते ओळीओळीनं सांगून ठेवावं लागतं. त्या सगळ्या लिहिण्याला ते कोड म्हणत. बाजी त्यातल्या सगळ्यात जुन्या.

उंच, अंगानं काटकुळ्या. डोक्यावरची ओढणी सारखी खांद्यावर यायची आणि त्या ती सारखी वर घ्यायच्या. पायात मात्र पुरुषी बूट. अंबाड्यात एक पेन्सिल खोचलेली, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. आपल्या हाताखालच्या पोरापोरींनी लिहिलेलं त्या कागदावर छापून घ्यायच्या आणि लांब टेबलावर पसरून पेन्सिल चालवायच्या. एका ओळीपाशी निळं टिंब करायचं, तिथून रेघ काढत खाली यायचं, पानं ओलांडायची आणि कुठंतरी लाल टिंब करून थांबायचं. लाल टिंब सापडलं की "हां" म्हणायच्या. नाही सापडलं तर त्या पोराला नावानं हाक मारायच्या, आणि ते पोरगं खुर्चीतून उठायच्या आधीच घामाघूम व्हायचं. संध्याकाळी केर काढताना त्यांच्या टेबलाखाली लाल-निळा भुसा निघायचा. बाकी कुणाच्या टेबलाखाली तसा केर निघत नसे.

हे निळं-लाल काय असतं ते मी कधी विचारलं नसतं. मला आपणहून बोलायची सवय नाही. एकदा दुपारी त्या कप ठेवायला आल्या आणि माझ्या मांडणीकडं बघत उभ्या राहिल्या. मांडणीत जागा होती, पण इथं दोन बोटं, तिथं चार बोटं अशी. वाट्या, बशा, कप मी धुवून जिथं हात पोचेल तिथं ठेवलेले. नवीन मोठं पातेलं आणलं होतं, ते काही बसत नव्हतं, म्हणून खाली फरशीवर ठेवलेलं.

"जागा हाय का नाय?" बाजींनी विचारलं.

मी म्हटलं, "हाय, पण एकाजागी नाय."

त्या खूष होऊन हसल्या. म्हणाल्या, आमच्या मशीनचं बी हेच दुखणं. मग स्टुलावर बसून त्यांनी मला सांगितलं. मशीनच्या आतसुद्धा अशी एक मांडणी असते, तिला मेमरी म्हणतात. एखादं काम निघालं की कोडनं त्या मांडणीकडं जागा मागायची, मला एवढी दे म्हणून. काम झालं की जागा सोडायची. घेण्याच्या ओळीला त्यांचे लोक मॅलॉक म्हणत आणि सोडण्याच्या ओळीला फ्री. कागदावरचं निळं टिंब म्हणजे घेतलं, लाल म्हणजे परत केलं. परत करायचं राहिलं तर त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशीही होत नाही. मशीन आपलं चालतंय. पण आत एकेक वाटी अडकत जाते, आणि एक दिवस मांडणीत बोट ठेवायला जागा उरत नाही. मग मशीन जिथल्या तिथं थांबतं. "न् थांबतं तवा कुणालाच आठवत नाय, पहिली वाटी कुणी नेली होती," बाजी म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी ओढणी कमरेला बांधून माझी मांडणी लावून दिली. लहान लहानात, मोठं मोठ्यात. पातेलं बसलं.

ही त्यांची घरची विद्या होती. शहागंजला त्यांच्या आजोबांचं बिछायतीचं दुकान होतं, लग्नाकार्याला भांडी भाड्यानं द्यायचं. देगा, पराती, तबकं, हाताएवढे झारे. बाजी लहानपणी त्याच दुकानात बसून अभ्यास करायच्या. त्याच्याही आधी, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, गल्लीतली काही घरं गडबडीनं गाव सोडून गेली. जाताना त्यांनी आपापली भांडी आजोबांकडं ठेवली. आजोबांनी ती सगळ्यात वरच्या फळीवर चढवली आणि कधीच भाड्यानं दिली नाहीत. लग्नसराईत भांडी कमी पडली, गिऱ्हाईक माघारी गेलं, तरी वरच्या फळीला हात नाही. ती अमानत होती, दुसऱ्याची ठेव. काहीजण बऱ्याच वर्षांनी आले आणि आपली देग ओळखून घेऊन गेले. काही आलेच नाहीत. बाजी हे सांगताना आवाज चढवत नसत. एवढंच म्हणत, "आजोबा जाईपर्यंत ती फळी पुसत होते."

नवीन माणूस कामाला लागला की बाजी त्याला पहिल्या दिवशी खलियाची गोष्ट सांगायच्या. मी चहा देता देता ती कितीतरी वेळा ऐकली. एका गल्लीत दोन लग्नं होती. सकाळचं जेवण उरकून पहिल्या घरानं देग परत केली. दुकानानं ती घासूनपुसून त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घराला दिली. त्यांनी तिच्यात खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, शिजवला आणि देग अंगणात ठेवली. पहिल्या घरचा बावर्ची उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी पळी घेऊन आला. त्याला आपली देग दिसली. सकाळपासून तिच्यातच हात चालला होता. त्यानं झाकण काढलं आणि चार थाळ्या भरून नेल्या. संध्याकाळी दुसऱ्या घरच्या वऱ्हाडाला खलिया कमी पडला आणि नवरदेवाचा मामा रुसून टांग्यात जाऊन बसला.

पोरं हसायची. हसून झालं की बाजी म्हणायच्या, "बावर्ची चोर नव्हता. देग तीच होती. पण परत केलेल्या भांड्यात पुन्हा पळी घालायची नसते. आत दुसऱ्याचं शिजलेलं असतं."

आणि मग आपला कायदा सांगायच्या. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. दुसऱ्यानं घेतलेल्याला हात लावायचा नाही. स्वतः लिहिताना तर त्या घेण्याची ओळ लिहिली की लगेच खाली जाऊन आधी परतीची ओळ लिहायच्या आणि मग मधलं काम भरायच्या. एक पोरगा एकदा हळूच म्हणाला, बाजी जेवायला बसायच्या आधी हात धुवून घेतात, नंतरचे सुद्धा. बाजींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "व्हय. म्हणून माझी ताटं खरकटी राहत नायत."

आमच्या दोघींचं एक वेगळं होतं. त्यांना माझी ज्वारीची भाकरी आणि भुरक्याची चटणी आवडायची. मी अधूनमधून लहान डब्यात त्यांच्यासाठी आणायची आणि न बोलता टेबलावर ठेवून यायची. डबा दुसऱ्या दिवशी परत यायचा, पण रिकामा कधीच नाही. कधी खजूर, कधी त्यांच्या अंगणातली लिंबं, ईदेच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा. माझी आईसुद्धा शेजारणीचं भांडं रिकामं पाठवायची नाही. एकदा बाजींकडं काहीच नसावं. डबा उघडला तर तळाशी चमचाभर साखर होती.

गणेश आला त्या वर्षी ऑफिसात औषधाच्या पंपाचं काम चाललं होतं. दवाखान्यात रोग्याच्या हाताला नळी लावतात, तिच्यातून औषध थेंब थेंब मोजून सोडणारं हे मशीन. लहानसंच, म्हणून त्याच्या पोटातली मांडणीही लहान. गणेश बिडकीनहून रोज मोटरसायकलवर यायचा. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. कारखान्यातली जुनी पक्की नोकरी सोडून हे काम शिकायचं म्हणून आलेला. इथं अजून पक्का झाला नव्हता. बोलायला माझ्यासारखाच. पंपाच्या पडद्यावर जे आकडे आणि सूचना दिसतात तो भाग त्याच्याकडं होता.

खिडकीजवळच्या टेबलावर चार पंप दिवसरात्र चालू ठेवले होते. औषधाच्या जागी पाणी. खाली बादल्या. रोज बादल्या रिकाम्या करायचं काम माझं. ते पाणी मी जिन्यातल्या कुंड्यांना घालायची. पंप बारीक टिकटिक करत. काही दिवस झाले आणि एका सकाळी मी आले तर टिकटिक नव्हती. चारी पंपांवर लाल दिवा. बंद करून चालू केले तर पुन्हा चांगले चालले, आणि तेवढ्याच दिवसांनी पुन्हा थांबले.

बाजींनी बघितलं आणि म्हणाल्या, कुणीतरी परत करीत नाय.

साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांनी पंप द्यायची तारीख कबूल केली होती. ते म्हणाले, "मॅडम, सोबतच्या कागदावर लिहून देऊ. रोज सकाळी एकदा बंद करून चालू करायचा. काय बिघडतं?"

बाजी म्हणाल्या, "नळी माणसाच्या हातात असताना?"

साहेबांनी सगळ्यांसमोर गणेशकडं बघितलं. तो येण्याआधी पंप थांबत नव्हते, हे खरंच होतं. ते म्हणाले, दोष याच्या भागात निघाला तर एक तारखेपासून यांनी येऊ नये. गणेशनं मान खाली घातली. माझ्या हातात ट्रे होता. मी त्याच्यापुढं कप ठेवला.

बाजींनासुद्धा दोष त्याचाच वाटत होता. त्यांनी त्याचे सगळे कागद छापून घेतले आणि लांब टेबलावर पसरले. दोन-तीन दिवस पेन्सिल चालू होती. गणेश त्यांच्या मागं उभा राहायचा, शिक्षा झालेल्या पोरासारखा. निळं टिंब, रेघ, लाल टिंब. हां. निळं टिंब, रेघ, लाल टिंब. हां. दरवेळी "हां" आलं की मी पॅन्ट्रीत श्वास सोडायची. शेवटचं पान संपलं. एकही निळं टिंब मोकळं राहिलं नव्हतं. बाजींनी चष्मा काढून डोळे चोळले. पंप तर थांबतच होते.

मी अर्धा कप नेऊन ठेवला, तोही तसाच थंड झाला. त्यांच्या बाबतीत असं मी पहिल्यांदाच बघितलं. उठल्या, छापायच्या मशीनपाशी गेल्या आणि आणखी कागद घेऊन आल्या. ते त्यांचे स्वतःचे होते. त्यांचे कागद कधी कुणी तपासले नव्हते. तपासणार कोण? त्यांनी ते गणेशच्या कागदांशेजारी मांडले, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि त्याच्यापुढं धरली.

"चालव," म्हणाल्या.

गणेशनं हात मागं घेतला. "तुमच्या कागदावर म्या कशी पेन्सिल चालवू, बाजी?"

"माझ्या कागदाला काय सोनं लागलंय? चालव."

त्यानं पेन्सिल घेतली. रेघा काढत गेला. एक जुळली, दुसरी जुळली. मग एका ठिकाणी त्यानं निळं टिंब केलं, रेघ बाजींच्या पानावरून खाली आणली, कागदाच्या कडेपर्यंत नेली, तिथून शेजारच्या स्वतःच्या पानावर घेतली, आणि त्या पानाच्या मध्यावर हात थांबला. पुढं जायला जागाच नव्हती. त्यानं पेन्सिल उचलली नाही. कागदावर तशीच टेकवून ठेवली.

झालं होतं ते असं. प्रत्येक थेंबाचा हिशोब पडद्यावर दाखवायला बाजींचा भाग थोडी जागा घ्यायचा, तिच्यात मजकूर भरायचा आणि तो गणेशच्या भागाच्या हातात द्यायचा. गणेशचा भाग तो पडद्यावर दाखवायचा. ती जागा मग दोघंही परत करत नव्हते. प्रत्येक वेळी मोहरीएवढी. पण थेंब तर सारखेच पडत होते.

गणेश खाली बघत म्हणाला, "मला हे आल्या आल्याच दिसलं होतं, बाजी."

"मंग बोलला का नाय?"

"तुम्हीच सांगितलं व्हतं, दुसऱ्यानं घेतलेल्याला हात लावायचा नाय. जागा तुम्ही घेतलेली. वाटलं, बाजी सोडत असतील कुठंतरी. बाजी विसरतील कशा?"

टेबलाभोवती सगळे जमले होते. मी दारात होते. बाजींनी त्या अर्ध्या रेघेवर बोट ठेवलं. मग त्यांनी गणेशला विचारलं, दुकानातून देग नेली तर परत कोण करतं? तो म्हणाला, ज्यानं नेली तो. "आणि शेजारी डब्यात भाजी पाठवली तर डबा कोण परत करतं?" तो म्हणाला, ज्याच्या घरी गेला तो. म्हणताना त्याचे डोळे वर आले.

"देखो," बाजी म्हणाल्या. "कायदा शिकवला दुकानाचा, न् लिहिताना वागले शेजारणीसारखी. डबा दिला तुझ्या हातात, माझी परतीची ओळ लिहिलीच नाय, न् बसले वाट बघत. तू दुकानाचा कायदा पाळला. तुझं काय चुकलं?"

त्यांनी दोन्ही पानं उचलली, ओढणी डोक्यावर घेतली आणि साहेबांच्या खोलीकडं निघाल्या. साहेब आवाज ऐकून दारातच आले होते. बाजींनी सगळ्यांसमोर पानं त्यांच्या हातात दिली. "चूक माझी हाय," म्हणाल्या. साहेबांना अवघडल्यासारखं झालं. त्यांचा बाजींवर फार भरवसा होता. ते म्हणाले, मॅडम, दोघांच्या मधली आहे, दोघांची म्हणू.

"नक्को. दोघांची म्हटलं की कुणाचीच राहत नाय. मधे पडली म्हणूनच तर पंप थांबले."

मग म्हणाल्या, "एक तारखेचं काय?"

साहेबांनी पानं परत दिली. गणेशकडं बघून म्हणाले, तारखेला या, नेहमीसारखे. गणेश येऊन खुर्चीत बसला. मी न विचारता त्याच्यापुढं पाणी ठेवलं.

परतीची ओळ त्यानं आपल्या भागात लिहिली. बाजींनी आपल्या भागात, जिथं त्या मजकूर त्याच्या हातात देत होत्या तिथं, एक वाक्य लिहिलं. मशीन ते वाचत नाही, माणसांसाठी असतं. हे आता तुझं. एवढंच. त्या दिवसापासून आपली जागा दुसऱ्याच्या हातात देताना प्रत्येकानं तिथं हे लिहायचं असं ठरलं. आणि मग ते तोंडातही बसलं. किल्ली देताना, छत्री देताना, कुणी मला उष्टा कप देताना सुद्धा म्हणायचं, मावशी, हे आता तुमचं. पोरं चेष्टेनं म्हणायची. बाजी कधीच चेष्टेनं म्हणायच्या नाहीत. वस्तू हातात देऊन डोळ्यांत बघून म्हणायच्या आणि समोरच्यानं मान हलवली की मगच हात सोडायच्या.

पंप पुन्हा चालू केले. ज्या सुमाराला ते थांबायचे ते दिवस जवळ आले तशी सगळ्यांची चाल हलकी झाली, जसं काही पाय वाजले तर पंप थांबतील. मी बादल्या काढताना पाणी सांडू द्यायची नाही. ते दिवस गेले. टिकटिक चालूच. बाजी खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या, कान देऊन ऐकलं आणि मला म्हणाल्या, "कुंड्यांची चंगळ हाय तुझ्या." पंप पुढं दवाखान्यांत गेले, त्यात पाचोडच्या बाजूचाही एक लहान दवाखाना होता. खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं तर मलाच काही दिवस चुकल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर काही वर्षांनी बाजींनी काम सोडलं. डोळे साथ देत नव्हते. पेन्सिलीची रेघ एका ओळीवरून दुसरीवर घसरायला लागली, तेव्हा त्यांनी आपण होऊनच पेन्सिल गणेशच्या हातात दिली. काय म्हणाल्या ते सगळ्यांना ठाऊक होतंच. लेक हैदराबादला होती, तिच्याकडं राहायला जायचं ठरलं. घरातलं सामान वाटून टाकलं. ज्याचं जे होतं ते महिनाभर आधीपासून परत करत होत्या. कुणाचा पाटा, कुणाची शिडी. माझं त्यांच्याकडं काहीच नव्हतं.

निघायच्या दिवशी मी भाकरी आणि चटणी करून नेली. रिक्षा दारात उभी होती, बॅगा लावून झाल्या होत्या. बाजी आत बसल्या होत्या, पायात तेच बूट. मी डबा पुढं केला. त्यांनी घेतला नाही. डब्याकडं बघतच राहिल्या.

"अगं सुमन," म्हणाल्या, "हा आता परत कसा करू मी?"

त्यांचा चेहरा खरंच अडचणीत सापडल्यासारखा झाला होता. रिक्षावाला घाई करत होता. मी त्यांच्याशी कधी आपणहून चार वाक्यं बोलले नव्हते. डबा त्यांच्या मांडीवर ठेवला, पण हात सोडला नाही.

"हे आता तुमचं, बाजी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओढणी खांद्यावर आली होती, ती वर घ्यायचीही त्यांना आठवण राहिली नाही. मग त्यांनी मान हलवली, आणि मी हात सोडला.

रिक्षा क्रांती चौकाकडं वळेपर्यंत मागच्या काचेतून त्या दिसत होत्या. खाली वाकून डब्याचं झाकण नीट बसलंय का ते दाबून बघत होत्या.